स्टेप-सीए आणि एंजिनएक्स, दीड वर्ष वापरून: केळीच्या चेंबरांना क्लायंट सर्टिफिकेट

आमचं काम जळगावात. रावेर, सावदा, फैजपूर, चोपडा, तिकडे शिरपूरपर्यंत केळीच्या रायपनिंग चेंबरांना आणि कोल्ड स्टोरेजला आम्ही कंट्रोल बॉक्स बसवतो. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, त्याला तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साईड आणि इथिलीनचे सेन्सर, आणि मालक लग्नाला नाशिकला गेलेला असला तरी मोबाईलवर चेंबर बघतो, गरज पडली तर पंखा चालू करतो, व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणजे इंटरनेटवर एक सर्व्हर आहे ज्याला शेकडो बॉक्स बोलतात आणि जो उलट त्यांना हुकूम देतो. मग त्या सर्व्हरशी कोण बोलतंय हे पक्कं कळायलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

का नाही ते सांगतो. केळी पिकवताना चेंबरमध्ये साधारण १०० पीपीएम इथिलीन सोडतात, १६ ते १८ अंशावर, दिवसभर दार बंद ठेवून, आणि नंतर हवा बदलावीच लागते नाहीतर कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पिकणं मंदावतं. तापमान १३ च्या खाली गेलं तर साल करपट राखी पडते, तो माल मग कोणी हात लावत नाही. आणि इथिलीनचं प्रमाण हवेत २.७ टक्क्यांच्या वर गेलं तर एका ठिणगीत भडका उडू शकतो. आता अशा ठिकाणी बाहेरचा कोणीतरी आमचा बॉक्स आहे असं भासवून खोटं रीडिंग पाठवू शकला तर काय होईल याचा विचार करा.

आधी काय होतं तर सगळ्या बॉक्सना एकच टोकन, म्हणजे ओळखीचा गुप्त नंबर. फर्मवेअर एका बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं होतं, त्याने टोकन कोडमध्येच लिहून ठेवलेलं, आणि एक बॉक्स दुरुस्तीला गेला तिथे कोणीतरी मेमरी कार्ड वाचलं आणि झालं, एका बॉक्सची चावी म्हणजे सगळ्या बॉक्सची चावी. आम्हाला कळलं ते पण योगायोगाने, लॉगमध्ये एकाच वेळी दोन गावांतून एकच चेंबर बोलताना दिसला म्हणून. त्या आठवड्यात टोकन बदलायला प्रत्येक गावी गाडी घेऊन फिरलो, यावलच्या रस्त्याला दिवस गेला, आणि तेव्हाच ठरवलं की प्रत्येक बॉक्सची ओळख वेगळी पाहिजे आणि एक गेली तर एकच जायला पाहिजे.

क्लायंट सर्टिफिकेट म्हणजे काय हे आमच्या गिऱ्हाइकांना समजावताना मी ग्रामपंचायतीचा डोंगल सांगतो. ग्रामसेवकाकडे डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल असतो ना, तो लावल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, टेंडर भरणाऱ्यांकडे पण असतो, क्लास ३ वाला (क्लास २ तर २०२१ पासून बंदच झाला). तसाच डोंगल प्रत्येक बॉक्सला आहे असं समजा. साध्या वेबसाईटला आपला ब्राउझर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो, इथे सर्व्हर पण बॉक्सचं तपासतो. दोन्ही बाजूंनी ओळख. सर्टिफिकेट कोणाला दिसलं तरी हरकत नाही, त्यासोबतची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) मात्र बॉक्सच्या बाहेर कधी जायला नको, ती फक्त सही करते. ढाचा एक्स.५०९ चाच, १९८८ पासूनचा.

तर दोन वस्तूंचा रिव्ह्यू आहे हा. तपासणारा एंजिनएक्स, म्हणजे दारावरचा वेब सर्व्हर, आणि सर्टिफिकेट देणारा स्टेप-सीए (सीए म्हणजे सर्टिफिकेटवर सही करून देणारी संस्था किंवा प्रोग्राम), स्मॉलस्टेप कंपनीचा, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. अॅमेझॉनचं प्रायव्हेट सीए पण बघितलं होतं, चांगलं आहे पण साधा मोड महिन्याला ४०० डॉलर, कमी मुदतीच्या सर्टिफिकेटांचा ५० डॉलर, वर प्रत्येक सर्टिफिकेटचे वेगळे. आमच्या धंद्याला ४०० डॉलर झेपत नव्हते आणि ५० वाल्यात मुदत फार आखूड, लाईटचं कारण पुढे सांगतो.

एंजिनएक्सची बाजू पटकन संपवतो कारण ती खरंच सोपी आहे. आपल्या सीएची फाईल द्यायची, व्हेरिफाय क्लायंट ऑन करायचं, रीलोड. अर्ध्या तासात सर्टिफिकेट नसलेला माणूस दारातच थांबतो. हवं तर ऑप्शनल ठेवता येतं, म्हणजे सर्टिफिकेट असेल तर तपास आणि निकाल व्हेरिएबलमध्ये दे, पुढे काय करायचं ते अॅप ठरवेल. एकच त्रास, नाकारलेला क्लायंट लॉगमध्ये ४०० म्हणून दिसतो. आतमध्ये एंजिनएक्सकडे त्याचे वेगळे नंबर आहेत, सर्टिफिकेट चुकीचं असेल तर ४९५ आणि दिलंच नाही तर ४९६, पण ते वेगळे पकडले नाहीत तर बाहेर साधा ४०० जातो आणि तुम्ही अॅपमध्ये बग शोधत बसता. पहिल्याच दिवशी लॉग फॉरमॅटमध्ये व्हेरिफायचा निकाल आणि सिरीयल नंबर टाकून घ्या, आम्ही महिनाभराने टाकला.

आणि इथे एक चूक लोक करतात ती करू नका. तपासणीच्या यादीत पब्लिक सीए टाकू नका. लेट्स एन्क्रिप्ट या पब्लिक सीएचं रूट (मूळ सर्टिफिकेट) तिथे ठेवलं तर जगातला कोणीही फुकट डोमेन सर्टिफिकेट काढून तुमची तपासणी पास होतो, कारण सही तर खरीच आहे ना. शिवाय २०२५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने जाहीरच केलं की क्लायंटसाठी वापरण्याची सोय २०२६ मध्ये त्यांच्या सर्टिफिकेटांतून काढतोय, म्हणजे तो रस्ता तसाही बंद. आपल्या बॉक्ससाठी आपलाच सीए.

दुसरं, सर्टिफिकेट पास झालं म्हणजे फक्त कोण आहे ते कळलं. काय करू द्यायचं हा वेगळा प्रश्न. आमच्याकडे सुरुवातीला पास झालेला कुठलाही बॉक्स कुठल्याही चेंबरच्या नावाने रीडिंग टाकू शकत होता, सावद्याचा बॉक्स फैजपूरचं चेंबर आहे म्हणाला तरी चाललं असतं. मग सर्टिफिकेटमधलं नाव आणि चेंबर यांची जोडी डेटाबेसमध्ये ठेवली आणि प्रत्येक रिक्वेस्टला ती बघतो. एंजिनएक्स ही ओळख हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या एका ओळीतून, मागच्या अॅपला देतो (अशा हेडरचं वर्णन २०२३ च्या आरएफसी ९४४० मध्ये आहे), पण बाहेरून कोणी तेच हेडर स्वतः लिहून पाठवलं तर ते पुसून टाकणं आपलं काम, आणि मागचं अॅप थेट इंटरनेटवरून लागता कामा नये. हे दोन केलं नाही तर सगळा खटाटोप पाण्यात.

तिसरं, व्हर्जन बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एंजिनएक्सची एक खोट बाहेर आली, सीव्हीई-२०२५-२३४१९. एकाच आयपी आणि पोर्टवर दोन सर्व्हर ब्लॉक (म्हणजे दोन वेगळ्या साईट) असतील तर एका ब्लॉकवर घेतलेलं टीएलएस (एन्क्रिप्ट केलेल्या कनेक्शनचं) सेशन दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा चालू करून क्लायंट सर्टिफिकेटची अट चुकवता येत होती. क्लाउडफ्लेअरलाही तीच अडचण आली होती आणि त्यांनी ती उघडपणे मांडली. आमच्याकडे तर नेमकं तसंच होतं, बॉक्सचा ब्लॉक, मालकांच्या डॅशबोर्डचा ब्लॉक आणि आमचा आतला, तिन्ही एकाच आयपीवर. १.२६.३ किंवा १.२७.४ च्या खाली असाल तर आजच अपडेट करा. आम्ही अपडेट तर केलंच, वर बॉक्ससाठी वेगळा आयपी घेतला, महिन्याचे थोडे पैसे जातात पण झोप लागते.

आता स्टेप-सीए. माझा जीव खरा यात आहे, कारण तपासणी सोपी असते, सर्टिफिकेट देणं, बदलणं आणि रद्द करणं हे जमलं नाही तर बॉक्स वाढले की माणूस वेडा होतो. दहा बॉक्सला ओपनएसएसएलच्या (सर्टिफिकेट बनवणारं-तपासणारं सॉफ्टवेअर) कमांडी हाताने मारून चालतं. शंभराला नाही.

स्टेप-सीए सुरू करणं सोपं, रूट आणि त्याने सही केलेलं मधलं इंटरमीडिएट दोन्ही तोच बनवतो, रूटची की काढून पेन ड्राईव्हवर टाकून कपाटात ठेवायची आणि रोजचं काम इंटरमीडिएटवर. या की पी-२५६ प्रकारच्या बनतात, ताकदीला आरएसए ३०७२ या जुन्या प्रकाराच्या बरोबरीच्या आणि आकाराने बारीक, आमच्याकडच्या गावातल्या टू-जीसारख्या नेटवर ते जाणवतं. पहिलं सर्टिफिकेट देण्यासाठी एकदाच चालणारं टोकन निघतं आणि ते ५ मिनिटांत संपतं. सुरुवातीला आम्ही साईटवर बॉक्स बसवून मग टोकन मागवायचो, तिथे चेंबरच्या जाड पॅनेलमध्ये मोबाईलला रेंज नाही, बाहेर येऊन टोकन घेऊन आत जाईपर्यंत ५ मिनिटं संपलेली, रावेरला एका संध्याकाळी चार वेळा असं झालं. आता पहिलं सर्टिफिकेट जळगावच्या वर्कशॉपमध्येच घालून बॉक्स पाठवतो. टोकनची मुदत वाढवता येत होती पण नाही वाढवली, ती कमी आहे तेच बरं आहे.

मुदतीचं मात्र नीट समजून घ्या. स्टेप-सीएचं सर्टिफिकेट आपण काही न बदलता २४ तासांचं निघतं. कल्पना चांगली आहे, चोरी झालं तरी एका दिवसात निकामी, आणि बॉक्सवरचा रिन्यू डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मुदतीचा साधारण दोन तृतीयांश भाग गेला की आपोआप नवीन घेतो. बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये हे झकास चालत असेल. पण आमच्याकडे उन्हाळी वादळात तारा तुटल्या की शेतातल्या फीडरला दोन-दोन तीन-तीन दिवस लाईट नाही, चेंबर रिकामं असेल तर मालक मेन स्विचच पाडून ठेवतो, मग पंधरा दिवसांनी माल आला की बॉक्स जागा होतो आणि त्याच्या हातात मेलेलं सर्टिफिकेट. आणि रिन्यू करायला जुनं सर्टिफिकेट जिवंत लागतं! म्हणजे पुन्हा गाडी काढा, पुन्हा टोकन.

यावर दोन गोष्टी केल्या. मुदत ३० दिवस केली, त्यासाठी कमाल आणि नेहमीची अशा दोन्ही मुदती कॉन्फिगमध्ये बदलाव्या लागतात, एकच बदलून आम्ही अर्धा दिवस डोकं लावलं. आणि संपल्यानंतरही रिन्यू करू देण्याचा एक पर्याय आहे तो चालू केला. याची किंमत पण आहे, चोरलेली जुनी की संपल्यावरही जिवंत होऊ शकते, म्हणून बॉक्स हरवला की सीएवर लगेच रद्द करण्याची शिस्त पाळावी लागते, रद्द केलेल्याला स्टेप-सीए रिन्यू देत नाही. लक्षात घ्या की तो मुळात एवढंच करतो, रिन्यू थांबवतो. हातात असलेलं सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत एंजिनएक्सला चालतच राहतं, कारण एंजिनएक्सला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे बंद करायला म्हणून आम्ही सीआरएल लावली, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी, सही केलेली. आणि तिथेच आमची सगळ्यात वाईट रात्र झाली.

मे महिना, जळगावात दिवसा ४५ च्या पुढे पारा, सगळी चेंबरं फुल्ल. पहाटे चारला शिरपूरकडच्या एका मालकाचा फोन. "भाऊ, काय व्हयनं? मोबाईलवर सर्व चेंबर लाल दिखी ऱ्हायनात." मी उठून बघतो तर त्यांचेच नाही, सगळ्यांचेच लाल. एकही बॉक्स आत येत नव्हता. चेंबरचं तापमान राखणं बॉक्सवरच चालतं, सर्व्हर गेला तरी कूलिंग थांबत नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठेवलेलं होतं म्हणून मालाला काही झालं नाही, पण ते मालकाला फोनवर पटणार कसं. "मी दखी येस" म्हणून ते स्वतः गाडी घेऊन चेंबरवर गेले, थर्मामीटर बघून मला परत फोन केला तेव्हा माझा श्वास खाली आला.

कारण काय तर सीआरएलला पण मुदत असते. पुढची यादी कधी येणार ही तारीख तिच्यात लिहिलेली असते, ती उलटली की एंजिनएक्सच्या आतलं ओपनएसएसएल म्हणतं यादी शिळी आहे, मला काही माहीत नाही, आणि सगळ्यांनाच नाकारतं. ज्यांचं सर्टिफिकेट एकदम चोख आहे त्यांना पण. त्यात एंजिनएक्स साखळीतल्या प्रत्येक सीएची सीआरएल मागतो, इंटरमीडिएटची मी दर आठवड्याला स्क्रिप्टने काढत होतो, रूटची एकदाच काढून ठेवली होती वर्षभराची, आणि संपली ती रूटची. रूटची की कुठे तर पेन ड्राईव्हवर, पेन ड्राईव्ह पार्टनरच्या कपाटात, भुसावळला. पहाटे पाचला भुसावळ. तोपर्यंत सीआरएलची ओळ कॉन्फिगमधून काढून रीलोड केलं आणि बॉक्स आत घेतले, म्हणजे तीन तास रद्द केलेली सर्टिफिकेटं पण चालली असती. चूक माझी, तारखेवर अलार्म लावला नव्हता. आणि नवीन फाईल नुसती जागेवर टाकून भागत नाही, एंजिनएक्स ती रीलोडशिवाय वाचत नाही, हेही त्याच सकाळी शिकलो.

त्यानंतर सीआरएल काढून टाकली. आता रद्द केलेल्या सिरीयल नंबरची साधी यादी अॅपच्या डेटाबेसमध्ये, जिथे चेंबरची जोडी बघतो तिथेच तीही बघतो. यादी मिळाली नाही तर नुसतं वाचणं चालू, हुकूम मात्र बंद, असं ठरवून ठेवलंय, एकदम सगळंच बंद पडत नाही. ज्यांना ऑडिट वगैरे आहे त्यांना सीआरएल किंवा ओसीएसपी (सर्टिफिकेट रद्द आहे का हे सीएला थेट विचारणं) लागेलच, पण आमच्यासारख्यांनी आखूड मुदत आणि नकाराची यादी एवढ्यावर भागवावं असं माझं स्पष्ट मत आहे. लेट्स एन्क्रिप्टने पण ऑगस्ट २०२५ मध्ये ओसीएसपी बंद केलं.

लाईटचा अजून एक प्रकार. पूर्ण तालुक्याची लाईट एकदम येते, मग तालुक्यातले सगळे बॉक्स एकदम बूट होऊन एकदम सर्व्हरवर येतात, आणि टीएलएसमध्ये जे महाग असतं ते पहिलं हस्तांदोलनच, नंतर कनेक्शन टिकवून ठेवलं तर काही नाही. त्यातून ज्यांची मुदत जवळ आली ते सगळे त्याच मिनिटाला रिन्यू मागतात. आमचा सर्व्हर छोटा, दोन कोरचा, तो पडला नाही पण सीए अडखळला. बॉक्सने बूट झाल्यावर शून्य ते दहा मिनिटांत कुठेही थांबून मग जोडायचं असं केलं, प्रश्न संपला. स्टेपचा डेमन रिन्यूची वेळ स्वतःच थोडी मागेपुढे करतो, पण बंद असलेला बॉक्स जागा होताना त्याचा उपयोग नसतो.

आणि घड्याळ! पाय ४ मध्ये बॅटरीवालं घड्याळ नाही. तीन दिवसांनी उठला तर त्याला तीन दिवसांपूर्वीचीच वेळ वाटते, मधल्या काळात सर्व्हरचं सर्टिफिकेट नवीन झालेलं असेल तर बॉक्स म्हणतो हे तर भविष्यातलं आहे, मी नाही बोलत. एनटीपीने इंटरनेटवरून घड्याळ लावून घेता येतं पण एका पॅकहाऊसच्या राऊटरवर ते अडवलेलं होतं आणि ते सापडायला दोन फेऱ्या झाल्या. आता प्रत्येक बॉक्समध्ये डीएस३२३१ घड्याळ आणि नाण्याएवढा सेल. सर्टिफिकेटचं काम करणाराने घड्याळावर पैसे वाचवू नयेत.

स्टेप-सीएबद्दल अजून एक, त्याला एंजिनएक्सच्या मागे नेहमीसारखं ठेवू नका. रिन्यू करताना बॉक्स आपलं जुनं सर्टिफिकेट थेट सीएला दाखवतो, मध्ये कोणी टीएलएस उघडलं तर ते पोचतच नाही. नुसतं टीसीपी, म्हणजे न उघडलेलं कनेक्शन, पुढे ढकलायचं.

माणसांसाठी हा प्रकार आम्ही करून बघितला आणि सोडला. मालकांच्या मोबाईलवर आणि लॅपटॉपवर पी१२ फाईल (सर्टिफिकेट आणि की एकत्र) टाकून दिली, पासवर्ड दिला. ब्राउझर विचारतो कुठलं सर्टिफिकेट, ज्यांच्याकडे जीएसटीचा डीएससी आहे ते तोच निवडतात, मग आत येत नाही, आणि ब्राउझर ती निवड लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत पण नाही. दिवाळीत मोबाईल बदलला की सर्टिफिकेट गेलं. एकाने पी१२ फाईल घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, पासवर्डसकट, मुलाला पण दिसावं म्हणून. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्याला चेंबर बघायचं होतं. मालकांना आता ओटीपी आणि पासकी, सर्टिफिकेट फक्त मशीनला.

तर पाचपैकी एंजिनएक्सला साडेचार, तो अर्धा त्या ४०० साठी कापला. स्टेप-सीएला चार, त्याचा रिन्यू इतका भरवशाचा आहे की दीड वर्षात चालू असलेल्या एकाही बॉक्सचं सर्टिफिकेट संपलं नाही, फक्त डॉक्युमेंटेशन वाचताना ते कायम लाईट असलेल्या जागेसाठी लिहिलंय असं वाटत राहतं. दहा-वीस बॉक्स असतील आणि वाढणार नसतील तर प्रत्येकाला वेगळं टोकन देऊन पण भागेल. पन्नासच्या पुढे जाणार असाल, ड्रिपचे कंट्रोलर, सोलर पंप, दुधाचे बल्क कूलर काहीही असो, तर पहिल्या दिवसापासून हेच करा, नंतर बदलणं म्हणजे प्रत्येक शेतात जाणं.

आमच्याकडे अजून एक भोक उघडं आहे ते सांगून टाकतो. प्रायव्हेट की अजूनही मेमरी कार्डवरच आहे, कार्ड काढलं की कॉपी होते, म्हणजे सुरुवातीची चोरी अजून शक्य आहे, फक्त एकाच बॉक्सपुरती. त्यासाठी मायक्रोचिपची एटीईसीसी६०८ चिप आणलीय, प्रायव्हेट की चिपच्या आतच तयार होते आणि बाहेर वाचताच येत नाही. सावद्याच्या दोन बॉक्सवर लावलीय, रिन्यू तिच्यातून करायला थोडी तोडफोड करावी लागतेय. कोणी हे आधी केलं असेल तर खाली लिहा, जळगाव-भुसावळकडचे असाल तर वर्कशॉपलाच या.